तीन दिवसांचे एकवीस दिवस

जैसलमेरचा आमचा बेत मुळात तीन दिवसांचा होता. पुण्याहून जोधपूर, जोधपुराहून रात्रीच्या गाडीने जैसलमेर, तेथे तीन दिवस, आणि परतताना उदयपूर पाहून वसंतपंचमीच्या पुष्कळ आधी घरी, अशी सारी आखणी कागदावर पक्की झाली होती. परतीची तिकिटे हाती होती. वसंतपंचमीस साताऱ्याला सौ.च्या वडील भगिनींच्या नातवाची मुंज होती, आणि आम्ही उभयता तेथे चार दिवस आधी जाऊन कामाला लागणार हे आक्कांनी गृहीतच धरले होते. प्रत्यक्षात आम्ही त्या वाळवंटात एकवीस दिवस राहिलो. उदयपूर राहिले ते राहिलेच, आणि मुंजही चुकली. हे घडले कसे, असे ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना एका वाक्यात उत्तर देणे मला आजवर साधलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाळवंट पाहण्याची हल्ली एक ठरीव पद्धत झालेली आहे. सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, सायंकाळी समच्या टेकड्यांवर उंटाची रपेट, रात्री ढोलकाच्या गजरात नाच आणि जेवण. पहिल्या दोन दिवसांत आम्हीही हे सर्व यथासांग उरकले. समच्या वाळूवर सूर्यास्तास इतकी गर्दी होती की, सूर्यापेक्षा माणसांच्या पाठीच अधिक दिसल्या. सौ.ने उंटावर बसण्यास साफ नकार दिला, आणि तो उंटही तिच्याकडे तशाच मुद्रेने पाहत होता असे मला वाटले.

किल्ल्याविषयी मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील हकिकतीस ती लागू पडते. ११५६ मध्ये रावळ जैसल याने हा पिवळ्या दगडाचा किल्ला वसविला. त्यात आजही लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सत्यजित राय यांच्या १९७४ सालच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटामुळे बंगाली प्रवाशांना तो तीर्थासारखा झाला आणि २०१३ मध्ये त्यास जागतिक वारशाचे स्थान मिळाले. आठशे वर्षे शत्रू, दुष्काळ आणि वादळे यांना पुरून उरलेल्या या किल्ल्याला आमच्या काळात अपाय झाला तो पाण्यामुळे! घरोघरी नळ आले, खानावळी व धर्मशाळांची संख्या वाढली, माणशी पाण्याचा खप कित्येक पटींनी चढला, आणि जुन्या मोऱ्यांना न पेलणारे ते सांडपाणी पायात मुरून काही बुरूज ढासळले. घागरीच्या हिशेबाने बांधलेले गाव नळाच्या हिशेबाने वागू लागले की असे होते. मी पाटबंधारे खात्यात तेहेतीस वर्षे नोकरी केली असल्यामुळे ही हकिकत ऐकून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

या मुलखाचे आकारमान वाचकांच्या ध्यानी यावे म्हणून दोन आकडे देतो. जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सबंध केरळ राज्याएवढे. केरळात २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातीन कोटींहून अधिक माणसे होती. जैसलमेर जिल्ह्यात पावणेसात लाखांच्याही आत, म्हणजे चौरस किलोमीटरास अवघी सतरा. पाऊस वर्षाकाठी सरासरी दीडशे ते दोनशे मिलिमीटर. आमच्याकडे ज्याला दुष्काळी म्हणून ओळखतात त्या सोलापूर जिल्ह्यातही साडेपाचशेच्या आसपास पडतो. तेव्हा सोलापूरच्या माणसाने येथे येऊन ‘केवढा रखरखाट!’ म्हणावे हे ओघानेच आले, आणि सौ.चे माहेर सोलापूर जिल्ह्यातले असल्यामुळे तिने ते म्हटलेही.

तिसऱ्या दिवशी, गाडीला अवकाश होता म्हणून, आम्ही कुलधऱ्यास गेलो. जैसलमेरपासून सुमारे अठरा किलोमीटरांवरील हे पालीवाल ब्राह्मणांचे ओस पडलेले गाव. पालीहून आलेले हे ब्राह्मण शेती व व्यापार दोन्हींत निष्णात होते. दिवाण सालिमसिंगाच्या जुलमामुळे त्यांच्या चौऱ्याऐंशी गावांनी एका रात्रीत देशत्याग केला, अशी आख्यायिका तेथील प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि पुढे भुताखेतांची फोडणीही देतो. अभ्यासकांनी पाण्याचा ऱ्हास, करांचा जाच, भूकंप अशी निरनिराळी कारणे मांडलेली आहेत, आणि गाव हळूहळू रिकामे झाले असावे हेच मला अधिक संभाव्य वाटते. कारण एका रात्रीत माणूस घर सोडू शकतो, शेत सोडू शकत नाही. छपरे गेलेल्या भिंतींच्या रांगा, सरळ आखलेल्या गल्ल्या, मध्ये देऊळ. हे सर्व पाहून आम्ही परत फिरणार, तोच रस्त्याच्या पलीकडे खोलगटीत मला हिरवा रंग दिसला.

मोटार थांबवून मी खाली उतरलो. चहूंकडे करडा, उघडा, चकचकणारा खडक; आणि त्याच्या मधोमध कमरेपर्यंतच्या मातीच्या बांधाआड गुडघाभर गहू आणि घाट्यांवर आलेला हरभरा! विहीर नाही, नळ नाही, पाट नाही. जन्मभर पाट काढलेल्या माणसाला हे दृश्य म्हणजे कोणी आपल्याला डोळ्यांदेखत बनवीत आहे असे वाटावे. बांधावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्यास केशरी साफा, कानांत सोन्याच्या मुरक्या. मी विचारले, ‘पाणी कोठून देता?’ ते म्हणाले, ‘हुकम, श्रावणात दिले होते, आता कशाला?’

त्या एका उत्तरापायी आमची गाडी चुकली. चुकली म्हणण्यापेक्षा सोडली. स्थानकावर जाऊन मी तिकिटे रद्द केली आणि चार दिवसांनंतरची काढली.

या रचनेला तेथे खडीन म्हणतात, आणि ती पालीवालांची देणगी असे मानतात. जैसलमेर म्हणजे सर्वत्र वाळूच, हा समज चित्रांमुळे झालेला आहे. शहराभोवतीचा पुष्कळ भाग खडकाळ माळ आहे. त्यास तेथील लोक मगरा म्हणतात. मगऱ्यावर पाऊस पडला की तो मुरत नाही, धावतो. तो धावून ज्या खोलगट जागी येतो तेथे उताराच्या बाजूस मातीचा लांब बांध घालावयाचा आणि दोन्ही टोके चढाकडे वळवून घ्यावयाची. पाण्याबरोबर माळावरचा गाळ, शेणलेंड्या, पालापाचोळा असे सारे येऊन आत बसते. पाणी फार झाले तर सांडव्यावरून जाते. सांडव्याला ते नेष्टा म्हणतात. आश्विन-कार्तिकापर्यंत बहुतेक पाणी जमिनीत जिरते. उरलेच तर बांधाच्या बुडाशी असलेली मोरी उघडून सोडून देतात, आणि जाताना ते जमिनीतले क्षारही धुऊन नेते. मग त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. पेरल्यानंतर कापणीपर्यंत थेंबही द्यावा लागत नाही. बांधाखाली जे झिरपते ते पलीकडच्या विहिरीत गोड पाणी म्हणून मिळते. म्हणजे एकाच पावसाचे पीकही घ्यावयाचे आणि तोच पाऊस प्यावयाचाही!

त्या चार दिवसांत मी वहीत हिशेब मांडला. खडिनाच्या एका हेक्टरामागे माळाचे क्षेत्र साधारण दहा-पंधरा पट लागते. बारा हेक्टर माळ धरा, दीडशे मिलिमीटर पाऊस धरा, आणि त्यातला तिसरा हिस्साच वाहून आला असे समजा. तरी त्या एका हेक्टरावर साडेसातशे मिलिमीटर पाण्याचा भरणा होतो. पुण्याचा वर्षाचा पाऊस जवळपास एवढाच! हा हिशेब मी त्या वृद्धांस मोठ्या उत्साहाने ऐकविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि हात लांब करून समोरच्या उजाड खडकाकडे बोट दाखविले. म्हणाले, ‘शेत येथे आहे, पीक मात्र तेथून येते.’ माझ्या वहीच्या दोन पानांचा अर्थ त्यांच्या एका वाक्यात येऊन गेला.

पण लगेच त्यांनी दुसरीकडे बोट केले. माळावरून एक नवा उंच रस्ता गेला होता. दूरवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांपर्यंत जाण्यासाठी तो घातलेला. त्या रस्त्याच्या भरावाने माळाचा एक काप तोडला गेला होता, आणि तिकडचे पाणी आता त्यांच्या खडिनात न येता भलत्याच ओढ्यास लागत होते. मोबदला कोणाचा मागावा? रस्ता त्यांच्या शेतातून गेलेला नव्हता. माळ तर ‘पडीक’ म्हणून नोंदलेला! मी खात्यातला माणूस. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला ती रेघ कोणाच्या अंगणातून जाते हे दिसत नसते, हे मला ठाऊक आहे. परंतु येथे अंगण कोठे संपते हेच परक्याला कळणारे नव्हते.

हे वृद्ध गृहस्थ पुढे आमचे यजमान झाले. शहरातील बिऱ्हाड सोडून आम्ही त्यांच्या ढाणीवर राहावयास गेलो. ढाणी म्हणजे चार-सहा घरांची वस्ती. शेणमातीने लिंपलेली घरे, भोवती काट्यांचे कुंपण, अंगणात शमीचे एक झाड. तेथे शमीस खेजडी म्हणतात. आपण दसऱ्याला तिची पूजा करून मोकळे होतो. हे लोक तिच्यावर जगतात. शेंगा वाळवून सांगरीची भाजी, पाला शेळ्यांना, काटक्या चुलीला, सावली सर्वांना. बाजरीचा सोगरा, कढी, केर-सांगरी आणि ताक असे जेवण दोन्ही वेळा असे. सौ.ने यजमानीणबाईंकडून केर खारवून त्याचा कडूपणा घालविण्याची कृती शिकून घेतली आणि मोबदल्यात त्यांना पुरणपोळी करून घातली. गूळ होता, हरभऱ्याची डाळ खडिनातलीच होती. वेलची मात्र शहरातून आणवावी लागली.

पाण्याच्या बाबतीत त्या घराची शिस्त आमच्या आजोळच्या सोवळ्याहून कडक होती. स्नान बाजेवर बसून करावयाचे, खाली परात. परातीतले पाणी कपड्यांना, कपड्यांचे उरलेले लिंपणाला किंवा जनावरांना. भांडी राखेने कोरडीच घासावयाची, आणि ती अशी लखलखीत होत की, घरी परतल्यापासून सौ. आमच्या मोलकरणीला त्यांचे दाखले देत असते! पहिल्या सकाळी मी दात घासताना सवयीने तांब्या भरभरून चुळा भरू लागलो, तेव्हा यजमानांची सात वर्षांची नात माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून माझा तांब्या अर्धाच भरून येऊ लागला.

चार दिवस संपले तेव्हा आम्ही आणखी एक आठवडा वाढविला. यावेळी निमित्त होते कुईचे. यजमानांच्या भगिनी रामगढच्या बाजूस राहत. तिकडे वाळूच्या पोटातून पाणी काढतात असे त्यांनी सांगितले होते. या लोकांनी पाण्याच्या तीन जाती मानल्या आहेत. आभाळातून पडून तळ्यात, टाक्यात साठते ते पालर पाणी. खोल विहिरीत लागते ते पाताळ पाणी. येथे ते बहुधा खारट. आणि या दोहोंच्या मधले तिसरे, रेजाणी पाणी. काही भागांत वाळूखाली थोड्या खोलीवर खडूसारख्या चिरोडीचा एक थर असतो. पावसाचे पाणी वाळूतून खाली जाते, पण त्या थरापाशी अडते. त्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही. वर वाळूचे आवरण असल्यामुळे त्याची वाफही होत नाही. ते तेथे ओलाव्याच्या रूपाने महिनोन्‌महिने राहते. त्या ओलाव्यात अरुंद कुई खणली की, वाळूच्या कणांतून ठिबकत ठिबकत दिवसभरात दोन-तीन घागरी गोड पाणी जमते. अधिक नाही. सायंकाळी आम्ही गेलो तेव्हा बायका कुयांवरची लाकडी झाकणे उघडून आपापला वाटा काढीत होत्या, आणि पुन्हा झाकणे लावून घरी जात होत्या.

कुई खणणे हे मोठे कसबाचे काम. आत जेमतेम एक माणूस उकिडवा बसू शकेल एवढीच जागा. वाळू ढासळू नये म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर वळून त्याची वेटोळी एकावर एक बसवीत जातात. खोल गेल्यावर आतल्या माणसाचा जीव घुसमटतो. तेव्हा वरचे लोक मुठी मुठी वाळू जोराने खाली फेकतात, तिच्याबरोबर थोडी ताजी हवा खाली जाते. डोक्यावर वाळू-खडे पडतात म्हणून तो धातूचे भांडे टोपीसारखे घालतो. या कसबाचे आणि एकंदर मरुभूमीच्या जलव्यवस्थेचे सुरेख वर्णन अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी पुस्तकात केलेले आहे. ज्यांना गोडी असेल त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

मला सर्वांत नवल वाटले ते कसबाचे नव्हे, कायद्याचे. कुई ज्याची त्याची असते. तिचे पाणी त्याच्याच घरी जाते. परंतु ती ज्या जमिनीत खणतात ती गावाची असते, आणि नवी कुई खणावयाची तर गावाची संमती लागते. कारण प्रत्येक नवी कुई त्याच एका ओलाव्यात वाटेकरी होऊन येते. खासगी आणि सार्वजनिक यांतली ही तडजोड आमच्या खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात मी वाचलेली नाही. ज्या विहिरींना वीजपंप बसल्यानंतर आमच्या महाराष्ट्रात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत खोलीची शर्यत लागली, त्या विहिरींची मला पदोपदी आठवण होत होती.

असे चौदा दिवस गेले. मुंजीस चार-पाच दिवस राहिले होते, आणि आता निघालेच पाहिजे याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता. पण यावेळी अडून बसली ती सौ.

तिचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. तिचे वडील सोलापूरजवळ शिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी ते मुलांना घेऊन नान्नजच्या माळावर जात. तेथे माणसाच्या कमरेहून उंच, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा एक पक्षी गवतातून संथ चालत जाताना तिने लहानपणी पाहिलेला आहे. तो माळढोक. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड फार थोडे. १९७९ मध्ये त्याच्यासाठी तेथे अभयारण्य झाले, कागदावर त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता, पुढे तो बाराशेवर आणला गेला. आणि अलीकडच्या गणनांत तेथे एखाददुसराच पक्षी आढळला आहे. लग्नानंतर गेल्या चाळीस वर्षांत ती तेथे अनेकदा गेली. माळढोक तिला पुन्हा दिसला नाही. आता जगात उरलेल्या दीडशेच्या आसपास पक्ष्यांतले बहुतेक याच जैसलमेरच्या माळावर आहेत. तेथे त्यास गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे.

दोन सकाळी आम्ही मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाकडे जाऊन हात हलवीत परत आलो होतो. तिसऱ्या खेपेस सात दिवस थांबावयाचे म्हणजे मुंज बुडणार, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती थोडा वेळ शमीखाली बसून राहिली. मग म्हणाली, ‘अहो, आक्का रागावेल, आणि तिचा राग मी सोशीन. तो मुलगा मला पुढेही भेटेल. हा पक्षी भेटेल असे तुम्ही सांगता का?’ मी तसे सांगू शकलो नाही. आक्कांना तिने स्वतःच फोन केला. बोलणे फार थोडे झाले. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘पक्षी पाहायला म्हणून राहिलीस, असे म्हणाली,’ आणि पदराने डोळे पुसून स्वयंपाकघरात गेली. तो दिवस घरात जड गेला.

पक्षी दिसला तो बरोबर वसंतपंचमीच्या सकाळी. साताऱ्यास त्या वेळी मंगलाष्टके चालली असतील. थंडी एवढी होती की श्वास दिसत होता. सुदासरीच्या बाजूस सेवण गवताचे झुपके दूरवर पसरलेले. सूर्य नुकताच वर आलेला. वाटाड्याने हात वर केला. प्रथम मला गवताशिवाय काही दिसले नाही. मग त्या पिवळ्या गवतात एक पांढरी उभी रेघ हलली. रेघेला डोके होते, डोक्यावर काळी टोपी. तो चालू लागला. कोठे जाण्याची घाई नसलेल्या घरच्या वडील माणसाने अंगणात शतपावली करावी, तसा. चार पावले टाकी, थांबे, मान ताठ करी, पुन्हा चार पावले. थोड्या वेळाने मागे दुसरा दिसला, लहान, बहुधा मादी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर, असे वाटाड्या कुजबुजला. सौ.ने दुर्बीण घेतलीच नाही. ती हात जोडून उभी होती. तिला त्याचे भान नसावे.

वीस मिनिटांनी नर उडाला. एवढे जड शरीर प्रथम धावत, मग जमिनीलगत, मग मोठ्या मंद पंखांनी वर. ज्या दिशेला तो गेला त्या दिशेला क्षितिजावर विजेचे मनोरे एकामागून एक उभे होते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. जमिनीवरचा धोका त्याला चहूंकडून दिसतो, पण समोर आडवी आलेली तार दिसत नाही, आणि दिसली तरी ते वजन ऐन वेळी वळविता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाने या भागात वर्षाला सुमारे अठरा माळढोक तारांवर आदळून मरत असावेत असा अंदाज काढला होता. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या दीडशे पक्ष्यांत अठरा! आम्ही तिघेही श्वास रोखून पाहत राहिलो. तो तारांच्या अलीकडेच गवतात उतरला. वाटाड्याने खिशातून विडी काढली, तेव्हा त्याचा हात कापत होता.

वाचक म्हणतील, मग तारा जमिनीखालून का नेत नाहीत? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलमध्ये तसा आदेश दिलाही होता. परंतु उच्च दाबाच्या तारा एवढ्या अफाट प्रदेशात पुरणे शक्य नाही आणि सौरविजेची देशाला निकड आहे असे सरकारने मांडल्यावर २०२४ च्या मार्चमध्ये त्या आदेशात बदल होऊन तज्ज्ञांची समिती नेमली गेली. २०१९ पासून सम येथे अंडी आणून पिले वाढविण्याचे काम चालू आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तेथे कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. ही गोष्ट आनंदाची खरी. पण वाढविलेली पिले सोडावयाची कोठे, हा प्रश्न पुन्हा त्याच माळापाशी येऊन थांबतो.

याच आठवड्यात यजमान आम्हांस देगरायच्या ओरणात घेऊन गेले. ओरण म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान. आपल्या कोकणातील देवराईचेच ते मरुभूमीतले भावंड. हजारो बिघे जमीन, मध्ये तळे आणि देवीचे स्थान. जाळ, केर, बोर, खेजडी यांवर कुऱ्हाड चालवावयाची नाही. वाळलेली काडीही घरी न्यावयाची नाही. गुरे मात्र चरावयास मोकळी. तळ्याच्या काठी शेकडो उंट, मेंढ्या आणि गाई पाण्यावर आलेल्या होत्या. देवीच्या नावाने शतकानुशतके राखलेल्या अशा कित्येक ओरणांची महसुली दप्तरात मात्र ओरण म्हणून नोंदच नाही. जे नोंदलेले नाही ते सरकारी पडीक; आणि जे पडीक ते सौरतावदाने मांडण्यास मोकळे. आपापली ओरणे दप्तरी लागावीत म्हणून तेथील लोक पायी फेऱ्या काढतात, अर्ज करतात, न्यायालयात जातात.

तेथून परतताना मी बराच संतापून बोलत होतो. यजमान ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, ‘हुकम, माझा धाकटा मुलगा त्याच सौर कारखान्यावर पहारेकरी आहे. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. खडीन तीन वर्षांतून एकदा दगा देते. पगार देत नाही.’ मी गप्प झालो. पुण्यातील माझ्या घरच्या दिव्यांतही त्या तारांतली वीज कोठेतरी येत असणार. वीज नको असे यजमान म्हणत नव्हते, मीही म्हणत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, माळावर काही मांडण्यापूर्वी पाणी कोठून कोठे जाते, गुरे कोठे जातात, पक्षी कोठे निजतो, हे गावात येऊन कोणीतरी विचारावे. ‘येथे कोणी राहत नाही असे कागदात लिहिले आहे म्हणतात,’ ते म्हणाले. ‘सतरा माणसे राहतात, तीही मोजूनच आहेत.’ चौरस किलोमीटरास सतरा, हा जनगणनेतला आकडा मीच त्यांना आदल्या रात्री सांगितला होता.

माघ शुद्ध अष्टमीस आम्ही निघालो. यजमानीणबाईंनी सौ.ची ओटी भरली. तिला ‘बाईसा’ म्हणून माहेरवाशिणीसारखी पाठवणी केली, बरोबर सांगरीची पुरचुंडी आणि जैसलमेरचे घोटुआ लाडू दिले. लाडवांचा अर्धा वाटा साताऱ्यास गेला. आक्कांनी ते घेतले, चांगले आहेत म्हणाल्या. मुंजीचा विषय काढला नाही. बटू मात्र सौ.च्या मांडीवर चढून तो पक्षी केवढा होता ते हात पसरून विचारीत बसला होता, आणि आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

श्रावणात यजमानांचा फोन आला. पाऊस दोनदा आला, एकदा जोराचा. मगरा धावला आणि खडीन मांडीइतके भरले. रस्त्याच्या बाजूचे पाणी यंदाही आले नाही. त्या भरावाखालून नळ घालण्याविषयी एक अर्ज मी त्यांना लिहून पाठविला होता, नकाशा जोडून. त्याची पोच मिळाली, उत्तर अजून नाही. हरभऱ्याला घाटे धरतील तेव्हा या, असा त्यांचा निरोप आहे. तिकिटे यावेळी मी एकाच बाजूची काढणार आहे.